पहिलवानाचा पगार

जुनी माणसं दणकट आणि हल्लीची पोरं म्हणजे पापड, हे वाक्य आपल्याकडे लग्नाच्या पंगतीपासून स्मशानापर्यंत कुठंही ऐकू येतं. अमेरिकेत हेच गाड्यांबद्दल बोलतात. मिशिगनला भाच्याकडे राहिलो होतो. शेजारच्या आजोबांकडे १९६४ सालची पाँटिअ‍ॅक जीटीओ. या जातीला तिकडे 'मसल कार' म्हणतात; आपण पहिलवान गाडी म्हणू. आजोबांनी किल्ली फिरवली, की आमच्या खिडक्यांची तावदानं थरथरायची. भाच्याची व्ही-सिक्स टोयोटा कॅमरी मात्र सुरू झाली की नाही, हे कान देऊन ऐकावं लागे.

या पहिलवानाचा जन्मही मजेदार. मध्यम चणीच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही, असा जनरल मोटर्सचा दंडक होता. पाँटिअ‍ॅकचे मुख्य इंजिनियर जॉन डीलोरियन आणि मंडळींनी टेम्पेस्ट गाडीत ३८९ घनइंचांचं, म्हणजे ६.४ लिटरचं धूड बसवलं, आणि कागदोपत्री दाखवलं काय, तर गिऱ्हाइकानं जादा पैसे मोजून घ्यायची 'ऐच्छिक सोय'! नियम गाडीला होता, सोयीला नव्हता. आपल्या कुठल्याही कचेरीत ही मंडळी चमकली असती. नाव तर थेट फेरारीच्या गाडीचं उचललेलं.

मार्च १९६४ मध्ये 'कार अँड ड्रायव्हर' मासिकानं छापलं, की ही गाडी शून्यापासून ताशी ६० मैलांचा वेग ४.६ सेकंदांत गाठते. लोक खूष! पाँटिअ‍ॅकची जाहिरात सांभाळणाऱ्या जिम वँगर्स यांनी पुढे स्वतःच सांगून टाकलं, की त्या गाडीत गुपचूप ४२१ घनइंचांचं इंजिन घातलं होतं. दुकानातल्या जीटीओला साडेसहा-सात सेकंद लागत. भाच्याची मुकी कॅमरी सहाच्या आत पोचते.

पण जीटीओ ३२५ हॉर्सपॉवरची आणि कॅमरी ३०१ ची, मग हे कसं? तर मोजण्यात गंमत आहे. त्या काळी इंजिन बाहेर काढून, पंखा, अल्टरनेटर, सायलेन्सर असला सगळा गोतावळा दूर सारून ताकद मोजत. लग्नाच्या बोलणीत मुलाचा पगार सांगतात ना, तसं! हातात किती पडतो, ते सुनेला नंतर कळतं. १९७२ पासून अमेरिकन कंपन्या हातात पडणारा आकडा सांगू लागल्या, आणि कॅडिलॅक एल्डोराडोचं ८.२ लिटरचं इंजिन वर्षभरात ३६५ वरून २३५ वर आलं. इंजिन तेच, फक्त खरं बोलू लागलं.

आणि पळण्याचं एक वेळ सोडा, थांबण्याचं काय? जीटीओच्या चारी चाकांना ड्रम ब्रेक. पट्टा कमरेपुरता. एअरबॅगचं नाव नाही. १९७२ साली अमेरिकेच्या रस्त्यांवर ५४ हजारांहून अधिक माणसं गेली. २०२३ साली गाड्यांची धाव अडीचपट होऊनही हा आकडा ४१ हजारांच्या आसपास राहिला. तोही थोडा नाहीच. रस्ते सुधारले, दारूचे कायदे कडक झाले, हे खरं. पण खांद्यावरचा पट्टा, एअरबॅग आणि स्वतः चेपून आतल्या माणसांना वाचवणारं गाडीचं नाक, यांचाही त्यात मोठा वाटा आहे.

यातल्या एकाही वस्तूचा आवाज होत नाही. ब्रेकवर लट्टू होऊन कोणी गाडीच्या प्रेमात पडल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. पण संध्याकाळी घरातल्या सगळ्यांच्या चपला दाराशी मोजून पुऱ्या भरतात, त्या बहुतेक वेळा त्याच्याच पुण्याईनं.