भाताचं वेडं रोप आणि जपानी कागद

भाताच्या खाचरात एखादं रोप अचानक इतरांच्या वर डोकं काढतं. पानं लांब, अरुंद आणि फिकट पिवळी होतात. बांधावरून पाहणाऱ्याला वाटावं, यंदा पीक जोमात आहे. पण ते रोप कोलमडतं आणि बहुतेकदा दाणा न भरताच मरतं. जपानी शेतकरी या रोगाला ‘बाकानाए’ म्हणत. बाकानाए म्हणजे वेडं रोप.

झाडाच्या पानाला लांबी-रुंदी कोण देतं, या प्रश्नाचं एक मोठं उत्तर या वेड्या रोपात दडलेलं होतं.

१८९८ साली शोतारो होरी यांनी हा रोग बुरशीमुळे होतो, हे दाखवून दिलं. पण रोगानं रोप खुरटायला हवं, इथे ते वाढत कसं होतं? हा गुंता एइची कुरोसावा यांनी सोडवला. तैवान तेव्हा जपानची वसाहत होती आणि कुरोसावा तिथे पिकांच्या रोगांवर काम करत. त्यांनी बुरशी द्रवात वाढवली, मग ती गाळून काढली. बुरशी नसलेला तो द्रव निरोगी रोपांना दिला, तर तीही तशीच लांबली. १९२६ मध्ये त्यांनी लिहिलं की, रोपाला वेडं करतं ते बुरशीनं सोडलेलं रसायन. पुढे तेइजिरो याबुता यांनी १९३५ साली त्याला ‘गिबेरेलिन’ हे नाव दिलं. १९३८ मध्ये त्यांनी व युसुके सुमिकी यांनी त्याचे स्फटिकही मिळवले.

इतकं सगळं झालं, तरी पाश्चात्त्य जगाला त्याचा पत्ता नव्हता. हे संशोधन जपानीत छापलं गेलं होतं, त्यात महायुद्ध आलं. ब्रिटन-अमेरिकेच्या प्रयोगशाळांनी हा विषय हाती घेतला तो १९५० नंतर. १९५८ साली घेवड्याच्या वर्गातल्या एका वेलीच्या कोवळ्या बियांत गिबेरेलिन सापडलं आणि खरा उलगडा झाला. हे बुरशीचं विष नव्हतं, झाडाचं स्वतःचंच संप्रेरक होतं. बुरशी फक्त ते नको तितकं ओतत होती.

आज त्याची रीत बरीच कळली आहे. पेशींमध्ये ‘डेला’ नावाची प्रथिनं वाढीला लगाम घालून बसलेली असतात. गिबेरेलिन आलं की ती नष्ट होतात, लगाम सुटतो आणि पेशी लांबतात. गिबेरेलिन ओळखणारं ग्राही प्रथिन २००५ मध्ये सापडलं, तेही जपानमध्ये आणि भातातच. हे संप्रेरक पानाची केवळ लांबी ठरवत नाही, घडणही ठरवतं. टोमॅटोचं पान अनेक पर्णिकांचं, दातेरी कडांचं असतं. त्याला जादा गिबेरेलिन दिलं, तर पर्णिका कमी होतात, कडा सपाट होतात. पानाला नक्षी हवी असेल, तर वाढीला थोडं थांबावं लागतं.

या थांबण्याशी आपल्या ताटाचाही संबंध आहे. ‘नोरिन-१०’ या बुटक्या जपानी गव्हाचं बी १९४६ साली अमेरिकेत गेलं. त्याच्या संकरातून निघालेले मेक्सिकन गहू साठच्या दशकात भारतात आले आणि हरितक्रांती झाली. हे गहू बुटके, कारण त्यांच्यातला लगाम गिबेरेलिनला दाद देत नाही. म्हणून ते खत पचवून, ओंबीचा भार पेलून उभे राहतात. उलट नाशिक-सांगलीचे द्राक्षबागायतदार ‘जीए’च्या द्रावणात घड बुडवतात, मणी फुगावेत म्हणून. हे ‘जीए’ म्हणजे कुरोसावांच्या गाळलेल्या द्रवातलंच रसायन. एकीकडे लगाम कसायचा, दुसरीकडे सैल करायचा.

मला यात एक गोष्ट बोचते. जपानचं बी १९४६ मध्ये समुद्र ओलांडून गेलं, कारण ते शेतात डोळ्यांना दिसत होतं. कुरोसावांचा कागद मात्र पाव शतक पडून राहिला. आपल्याकडे याचा अर्थ पटकन लावला जातो : विज्ञान इंग्रजीतच लिहावं. मला तसं वाटत नाही. कुरोसावांनी जपानीत लिहिलं, म्हणून तर याबुता आणि सुमिकी यांनी ते काम पुढे नेलं. त्या भाषेत विचार पिकत होता. उणीव होती ती इतरांच्या वाचण्यात आणि अनुवादात.

मराठीत विज्ञान लिहिणाऱ्यानं हे ध्यानात ठेवावं. आपल्या भाषेत लिहायचं आणि दुसऱ्यांच्या भाषेतलं आणत राहायचं, ही दोन्ही कामं एकदमच करावी लागतात.