मुंबईची उपनगरी व भुयारी रेल्वे
मुंबई महानगरातील दैनंदिन प्रवासी वाहतुकीचा मुख्य आधार असलेली रेल्वेमार्गांची व्यवस्था. मध्य रेल्वेचे मुख्य व हार्बर मार्ग, पश्चिम रेल्वेचा मार्ग आणि २०१४ पासून सुरू झालेले मेट्रोमार्ग यांचा तीत समावेश होतो.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे या ३४ किमी. लांबीच्या मार्गावर धावली. बाँबे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेने १८६७ मध्ये विरार ते बॅकबे अशी रोजची गाडी सुरू केली. अंतर्भागातील कापूस व इतर माल बंदरात आणणे, हा या मार्गांचा एक प्रमुख हेतू होता. शहरवासीयांची ने-आण त्यामानाने गौण होती. तथापि मार्गांच्या कडेने गिरण्या, चाळी व पुढे उपनगरे वाढत गेली आणि मालाचे मार्ग माणसांचे झाले.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या हार्बर मार्गावर भारतातील पहिली विद्युत् गाडी धावली. ५ जानेवारी १९२८ पासून कुलाबा-बोरिवली मार्गावरही विद्युत् गाड्या सुरू झाल्या. कुलाबा स्थानक मात्र १९३० च्या अखेरीस बंद होऊन चर्चगेट हे अंतिम स्थानक ठरले.

याच सुमारास टोकिओतही नागरी रेल्वेला निर्णायक वळण मिळाले. तेथील यामानोते वर्तुळमार्ग १९२५ मध्ये पूर्ण झाला व १९२७ मध्ये उएनो-आसाकुसा हा पहिला भुयारी मार्ग खुला झाला. उपनगरांतून येणारी गर्दी वर्तुळमार्गावरील अनेक स्थानकांत विभागली गेली. १९६० पासून उपनगरी गाड्या थेट भुयारी मार्गांवरूनही धावू लागल्या. मुंबईत असे वर्तुळ निर्माण झाले नाही. शहर दक्षिणोत्तर चिंचोळे, कचेऱ्या दक्षिण टोकाला व वस्ती उत्तरेकडे, त्यामुळे सकाळी दक्षिणेस व सायंकाळी उत्तरेस असा एकाच दिशेचा लोंढा वाहत राहिला.

२०२० पूर्वी या गाड्यांतून रोज सु. ७५ लाख प्रवासी जात. बारा व पुढे पंधरा डब्यांच्या गाड्या आल्या, तरी वाढती गर्दी त्यांत सामावली नाही. दारात लोंबकळताना पडून व रूळ ओलांडताना होणारे मृत्यू हे या व्यवस्थेचे सर्वांत मोठे वैगुण्य होय. २०१० ते २०१९ या काळात उपनगरी मार्गांवर दरवर्षी अडीच हजारांहून अधिक लोक दगावले. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ प्रवासी गाडीतून पडून मृत्युमुखी पडले. त्यानंतर नव्या गाड्यांना आपोआप मिटणारी दारे बसविण्याचे रेल्वे मंडळाने जाहीर केले.

पूर्व-पश्चिम दळणवळणाची उणीव वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर या ११.४ किमी.च्या पहिल्या मेट्रोमार्गाने जून २०१४ मध्ये अंशतः भरून काढली. आरे ते कफ परेड हा ३३.५ किमी.चा मार्ग ऑक्टोबर २०२४ पासून टप्प्याटप्प्याने खुला होऊन ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण झाला. त्याच्या २७ स्थानकांपैकी २६ भूमिगत आहेत. वरळी, विमानतळ यांसारखी उपनगरी रेल्वेपासून दूर राहिलेली ठिकाणे त्याने जोडली आणि कुलाब्याच्या परिसरात सु. ९५ वर्षांनी रेल्वे परत आली. टोकिओच्या पहिल्या भुयारी मार्गानंतर जवळजवळ शतकाने मुंबईस भुयारी रेल्वे लाभली. गाड्यांची संख्या वाढविणे एवढ्याने मुंबईचा प्रश्न सुटणारा नव्हता, हे या विलंबाच्या इतिहासावरून स्पष्ट होते. गर्दीस दुसऱ्या वाटा मिळणेही तितकेच आवश्यक होते.