केदार-बदरीची हरवलेली वाट

दरवर्षी अक्षय तृतीयेच्या सुमारास देवभूमीची कपाटे उघडू लागली की, महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची पावले डेहराडूनमधील आमच्या मंडळाच्या वास्तूकडे वळतात. कुणी पुण्याचे, कुणी सोलापूरचे, कुणी थेट कोकणातले. रात्रीची पिठले-भाताची पंगत उठली की भिंतीवरील नकाशाभोवती घोळका जमतो आणि एक प्रश्न हटकून विचारला जातो : केदारनाथ आणि बदरीनाथ नकाशावर इतके शेजारी दिसत असता एवढा वळसा कशासाठी? प्रश्न रास्त आहे. या दोन धामांमधील सरळ रेषेतील अंतर सुमारे 40 किलोमीटर. पण यात्रेकरूला मंदाकिनीच्या खोऱ्यातून खाली उतरून, उखीमठ, चोपता, चमोली, जोशीमठ असे करीत अलकनंदेच्या काठाने पुन्हा वर चढावे लागते. हा प्रवास दोनशे किलोमीटरांहून अधिक भरतो. मध्ये 7,138 मीटर उंचीचा चौखंबा आणि त्याचा हिमाच्छादित परिवार उभा आहे, हे नकाशाच्या सपाट कागदावरून कसे कळावे?

गढवालात मात्र एक जुनी दंतकथा आहे. पूर्वी एकच पुजारी दोन्ही देवालयांची पूजा एकाच दिवशी करीत असे आणि हिमशिखरांमधून जाणारी ती वाट पुढे लुप्त झाली, असे ती सांगते. आज बदरीनाथचे रावळ केरळातील नंबुद्री ब्राह्मण, तर केदारनाथचे रावळ कर्नाटकातील वीरशैव परंपरेतील असतात. तेव्हा दोहोंचा पुजारी एकच होता, ही गोष्ट ऐकताना इतिहासाचा विद्यार्थी थोडा थबकतो. तथापि दंतकथेला पुरावा नसला, तरी तिला पाय असतात. ती माणसांना चालावयास लावते.

1934 साली तिने एरिक शिप्टन आणि एच. डब्ल्यू. टिलमन या दोन इंग्रज गिर्यारोहकांना असेच चालावयास लावले. दोघेही पूर्वी केनियात मळे करीत. समवेत अंगथारके, पासंग आणि कुसंग हे तीन शेर्पा. सबंध मोहिमेचा खर्च तीनशे पौंडांच्या आत. त्या काळच्या लवाजमेदार मोहिमांपुढे हे पथक म्हणजे पायी दिंडीच! नंदादेवीच्या अभेद्य मानलेल्या अंतर्भागात ऋषिगंगेच्या घळीतून प्रवेश मिळवून ही मंडळी ऐन पावसाळ्यात बदरीनाथकडे वळली. पांडव ज्या दिशेने स्वर्गारोहणास गेले असे आपण मानतो, त्या सतोपंथ हिमनदीवरून चढून त्यांनी जलविभाजक गाठला.

खरी परीक्षा पलीकडच्या उतारावर होती. खाली तुटलेल्या बर्फाचे कडे आणि त्याखाली धुक्याने भरलेली दरी. एकदा उतरले की परत चढणे दुष्कर, हे दिसत असूनही ते उतरले. बर्फ संपले तेव्हा सुटलो असे त्यांना वाटले असावे. पण खाली वाटच नव्हती. होते ते निबिड अरण्य, रिंगाळाच्या म्हणजे पहाडी बांबूच्या दाट जाळ्या, उभ्या घळी आणि पावसाने फुगलेले ओढे. दिवसाकाठी मैलभर चाल झाली तरी पुष्कळ. झाडे तोडून ओढ्यांवर आडवी टाकावी, त्यावरून एकेकाने पलीकडे जावे, की पुढे दुसरी घळ तयारच. पासंगचा पाय जायबंदी झालेला. शिधा संपत आला तेव्हा बांबूचे कोवळे कोंब उकडून खाण्याची पाळी आली. त्या कोंबांवरही अरण्यातील अस्वलांचा हक्क आधीचा होता. अखेरीस मदमहेश्वरच्या खोऱ्यातील गौंडार हे गाव लागले, पीठ मिळाले आणि जीव वाचला. ज्या अंतरासाठी दंतकथेतील पुजाऱ्याला एक दिवस पुरत होता, त्याने या पाच कसलेल्या माणसांची अन्नान्न दशा केली. ‘एकाच दिवशी’ या शब्दांचा निकाल आमच्या मते तेथेच लागला. अलीकडे पनपतिया हिमनदीच्या बाजूने गिर्यारोहकांनी बदरीनाथ-मदमहेश्वर अशी वाट पार केली आहे खरी. पण ती दोरखंडांची आणि अनेक मुक्कामांची वाट आहे.

कधी नसलेली वाट हरवली म्हणून आपण हळहळतो. परंतु जी खरोखर होती, ती आपल्या डोळ्यांदेखत गेली. ऋषिकेशहून निघून फूलचट्टी, मोहनचट्टी, महादेवचट्टी, व्यासचट्टी असे मुक्काम करीत आपले आजे-पणजे देवप्रयागला पोहोचत. चट्टी म्हणजे वाटेवरचा विसावा : डोईवर छप्पर, चूल आणि दुकानदाराकडचा शिधा. पुढील वाट कोसळली आहे काय, कोणत्या पायवाटेने वर चढून ती चुकवावी, हे तेथे कळे. 1962 च्या युद्धानंतर मोटाररस्ते वेगाने वर सरकले, यात्रा सुलभ झाली आणि चट्ट्या ओस पडल्या. वृद्धांना धाम घडले, याचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. पण चट्टीबरोबर चट्टीवाल्याचे ज्ञानही गेले.

16 व 17 जून 2013 रोजी मंदाकिनीने जे केले, ते येथे विस्ताराने सांगवत नाही. रामबाडा वाहून गेले. गौरीकुंडहून केदारला जाणारी चौदा किलोमीटरांची परिचित वाट जागोजागी नाहीशी झाली. पाण्यापासून वाचण्यासाठी शेकडो यात्रेकरू मिळेल त्या कड्याने वर चढले. चढले ते वाचले, असे मात्र झाले नाही; पाऊस, थंडी आणि उपासमार यांनी त्या आडरानात कित्येकांचा अंत झाला. त्या आठवड्यात आमच्या कार्यालयातील दूरध्वनी रात्रंदिवस वाजत होता. जॉली ग्रँटच्या विमानतळावर नावांच्या याद्या घेऊन आमचे कार्यकर्ते उभे असत. सोलापूरकडच्या एका मावशी तीन रात्री झाडीत काढून आल्या होत्या. “वर चढत गेलो, पण कुठं चढतोय ते कुणालाच ठाऊक नव्हतं,” एवढेच त्या बोलल्या. त्यांचे यजमान परतले नाहीत.

पुढे रामबाड्याच्या वर मंदाकिनीच्या पलीकडच्या काठाने नवी वाट बांधण्यात आली आणि यात्रा पुन्हा सुरू झाली. यात्रेकरू आजही आमच्या नकाशासमोर उभे राहतात. त्या वर्षापासून आम्ही नकाशाशेजारी एका दिवंगत सभासदाच्या आजोबांची यात्रावही ठेवली आहे. तिच्यात मोडी अक्षरांत चट्ट्यांची नावे, त्यांमधील कोस आणि पाण्याच्या जागा लिहिलेल्या आहेत. देवप्रयागापर्यंतची पाने आम्ही बाळबोधीत उतरविली. रुद्रप्रयागापुढची पाने ओल लागून चिकटली आहेत; ती सोडविण्याचे काम चालू आहे.