त्वचेचा कॅन्सर पसरेल का, हे मोबाईल सांगू शकतो का?

मित्रांनो, मध्यंतरी माझ्या टाचेवर एक काळा तीळ दिसला. लगेच फोटो काढून एका अ‍ॅपमध्ये टाकला. उत्तर आलं, 'धोका कमी'. तरी मन मानेना, म्हणून त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. तीळ साधाच निघाला, पण डॉक्टर म्हणाले, "फोटोत वरचं दिसतं, खोली दिसत नाही." ही खोली एवढी महत्त्वाची का, ते आज सोप्या भाषेत पाहूया.

मेलानोमा म्हणजे काय?

त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा हा कॅन्सर. सुरुवातीलाच कापून काढला तर बहुतेक रुग्ण बरे होतात. पण काही जणांमध्ये तो नंतर पुन्हा उलटतो किंवा शरीरात पसरतो. ते कोण, हे आधी ओळखणं हाच खरा प्रश्न.

अंदाज कसा लावतात?

१९७० मध्ये अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी गाठीच्या जाडीवरून धोका ठरवायची पद्धत मांडली. काढलेल्या गाठीचा काप मायक्रोस्कोपखाली ठेवून ती किती खोल गेली आहे, ते मिलिमीटरमध्ये मोजतात.

• जाडी ०.८ मिमीपेक्षा कमी आणि वर व्रण नाही: धोका सगळ्यात कमी.
• जाडी १ मिमीपेक्षा जास्त: कॅन्सर जिथे आधी पोहोचू शकतो, ती जवळची लिम्फ नोड तपासायचा सल्ला सहसा देतात.

मग एआय काय करतं?

२०२२ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या संशोधकांनी सुरुवातीच्या टप्प्यातल्या १,७२० मेलानोमांची माहिती मशीन लर्निंगला दिली. कॅन्सर परत येईल का, हे सांगताना सगळ्यात उपयोगी ठरल्या दोन गोष्टी: गाठीची जाडी आणि पेशी विभागण्याचा वेग. दोन्ही बायोप्सीच्या रिपोर्टमधून मिळतात, मोबाईलच्या फोटोतून नाही.

आपण काय करायचं?

भारतात मेलानोमा कमी आढळतो. पण झालाच तर बरेचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो, जिथे आपलं सहसा लक्षच जात नाही. तिथे नवा काळा डाग आला, आकार किंवा रंग बदलला, रक्त आलं तर थेट डॉक्टरांना दाखवा. मोबाईलचा उपयोग आहेच: डागाशेजारी नाणं ठेवून तारखेसह फोटो काढा, म्हणजे झालेला बदल डॉक्टरांना दाखवता येईल. पण अ‍ॅपने 'धोका कमी' म्हटलं म्हणून थांबू नका.