व्ही.पी.पी.पासून ऑनलाइनपर्यंत



गेल्या महिन्यात गल्ल्यावर बसल्या बसल्या मुलाने विचारले, "आई, सगळे मोबाईलवर साड्या मागवायला लागलेत. आपले दुकान अजून किती वर्षे चालेल?" सासऱ्यांनी उभे केलेले दुकान, त्यामुळे प्रश्न मनाला लागला. पण मी बी.कॉम. झालेली. आमच्या अभ्यासातला टपाल व्यापाराचा धडा आठवला.

घरबसल्या खरेदी काही नवी नाही. आपल्याकडे टपाल खात्याची व्ही.पी.पी. १८७७ मध्ये सुरू झाली. अमेरिकेत सीअर्स कंपनीचा जाडजूड कॅटलॉग शेतकऱ्यांच्या घरोघरी जाई. १९१३ मध्ये तिथे पार्सल पोस्ट आले, तेव्हा खेड्यांतले दुकानदार असेच धास्तावले होते. पुढे लोक शहरांत गेले, मोटारी आल्या आणि त्याच सीअर्सने १९२५ मध्ये शिकागोत दुकान थाटले. तो मोठा कॅटलॉग १९९३ मध्ये बंद झाला. पुढच्याच वर्षी अ‍ॅमेझॉनची स्थापना झाली आणि २०१७ मध्ये तिनेही होल फूड्स ही किराणा दुकानांची साखळी विकत घेतली. म्हणजे दुकानाची गरज दोघांनाही पडली.

आपल्याकडे फ्लिपकार्टने २००७ मध्ये पुस्तके विकायला सुरुवात केली आणि २०१० मध्ये 'कॅश ऑन डिलिव्हरी' आणली. ही तर आपली व्ही.पी.पी.च! फरक एवढाच, की व्ही.पी.पी.त आधी पैसे मोजायचे आणि मग पार्सल उघडायचे. चित्रात एक आणि हातात दुसरेच निघाले तर बोंब. ऑनलाइनवाल्यांनी माल परत घ्यायची सोय दिली, तेव्हा लोकांची भीड चेपली.

पण ती सोय मुळात आपलीच! सासरे चार-चार साड्या पसंतीला घरी पाठवत. ठेवली त्याचे पैसे, बाकीच्या परत. लिहून घेणे नाही, कुरकुर नाही. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत खोटी मापे आणि भेसळ सांगितली आहे. दाखवायचे एक आणि द्यायचे दुसरे, हेही त्यातलेच, असे ते म्हणत.

मी मुलाला म्हटले, "दुकान किती वर्षे चालेल ते मला सांगता येणार नाही. पण गल्ल्यामागे तू 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' अशी पाटी लावली आहेस ना, ती आधी काढ."

दोन दिवस तो गप्प होता. तिसऱ्या दिवशी दुकानात गेले, तर भिंतीवर नुसता खिळा होता.