टग, नौदलातील

युद्धनौकेला बंदरात आणताना, धक्क्याला लावताना आणि तेथून सोडवताना तिला ओढणारी किंवा रेटणारी आखूड, बसकी, पण दांडग्या इंजिनाची बोट. मुंबईच्या नौदल गोदीत, जिचा आरंभ १७३५ पासून धरतात, हे रोजचे काम आहे. ज्या जहाजाची इंजिने हजारो अश्वशक्तीची, त्याला एवढ्याशा बोटीची गरजच काय, असा आक्षेप घेतला जातो. तो वरवरचा आहे. सुकाणू चालते ते त्यावरून वाहणाऱ्या पाण्याच्या जोरावर. वेग मंदावला की ते लुळे पडते आणि नेमके तेव्हाच वारा व भरती-ओहोटीचा प्रवाह जहाजाला आडवे ढकलू लागतात. सुमारे २६२ मीटर लांबीच्या विक्रांत या विमानवाहू नौकेची उंच बाजू तर शिडासारखा वारा धरते. दोन पंखे उलटसुलट फिरवून जहाज जागच्या जागी वळवता येते, हे खरे; पण धक्क्याकडे सरळ आडवे सरकवणे त्यांना साधत नाही. ते टग करतो: रबरी गाद्या लावलेले नाक जहाजाच्या बाजूला टेकवून रेटतो, नाहीतर दोर ताणून त्याला आवरतो. (विमानवाहू नौकेच्या बाहेर आलेल्या उड्डाणपट्टीखाली टगची डोलकाठी अडकू नये, हीही एक चिंता असते.)

टगचे बळ वेगात नव्हे, खेचशक्तीच्या टनांत मोजतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने २५ टनी ३ टगांसाठी भरूचच्या शॉफ्ट शिपयार्डशी करार केला. इंजिन थांबलेल्या जहाजाला तर टगवाचून दुसरा पर्यायच नसतो. निवृत्त विमानवाहू नौका विराट सप्टेंबर २०२० मध्ये मुंबईहून मोडीसाठी अलंगला गेली, ती टगच्या दोरानेच.