छतात शिरलेला दिवा

दिवाळीच्या तोंडावर बोरिवलीच्या आमच्या घरातला सीलिंगमधला एक दिवा गेला. बटन बंद केलं, घोड्यावर चढलो, दिवा खाली ओढला आणि जोडणीला टेस्टर टेकवला. टेस्टर पेटला! वायरिंग करणाऱ्याने बटनावर फेजऐवजी न्यूट्रल घेतली होती. बटन दाबलं की दिवा विझायचा, वीज मात्र वर तारेत तशीच उभी. इतकी वर्षं आम्ही त्या दिव्याखाली बसून जेवत होतो.

जुन्या घरात हे असं लपून राहत नसे. भिंतीवर लाकडी पट्टी, पट्टीवर क्लिपांनी आवळलेली वायर, ती बटनापासून दिव्यापर्यंत डोळ्यांनी चालत जाता यायची. त्याही आधी वाड्यांत दिवा लोंबायचा: तक्तपोशीच्या कडीला हंडी, श्रीमंताघरी झुंबर. तुळया झाकायला खालून कापड ताणत, त्यालाही छतच म्हणत. आजच्या फॉल्स सीलिंगचा पूर्वज मला त्या कापडात दिसतो. फरक एवढाच की कापडाच्या वर वीज नव्हती.

आज घरात येणारी वीज २३० व्होल्टची.

दिवा छताच्या आत गेला तो पीओपीमुळे, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिसमुळे. जिप्सम भाजून केलेली ही पूड पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीवरून नाव घेऊन आली. आपल्याला ती गणपतीच्या मूर्तींमुळे आधीच ओळखीची. फ्लॅटच्या हॉलमधून आडवा जाणारा बीम आणि एसीचे पाइप झाकायला तिचा उपयोग झाला. नऊ फुटांच्या खोलीतले चार-सहा इंच त्यात गेले. मग उरलेल्या उंचीत लोंबता दिवा डोक्याला लागणार, म्हणून तो भोकात बसवायचा. मुंबईच्या विजेच्या सामानाच्या बाजारात, लोहार चाळीत, त्याला कन्सील लाइट म्हणून मागायचा.

भोकात आधी बसला हॅलोजन. त्याचं पेटंट अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकचं, १९५९चं. एमआर-१६ हा वाटीसारखा छोटा दिवा मुळात स्लाइड प्रोजेक्टरसाठी होता. १६ म्हणजे इंचाचे १६ अष्टमांश, थोडक्यात दोन इंच. पन्नास वॅटचा हा निखारा बंद सीलिंगमध्ये तासन्‌तास तापायचा. साध्या पीव्हीसी वायरचं आवरण साधारण ७० अंशांपर्यंत सोसतं. वर्षानुवर्षं भाजून ते कडक होतं आणि वाकवलं की तडकतं. निळ्या एलईडीने, ज्याच्या शोधाला २०१४चं नोबेल मिळालं, तेवढाच उजेड सहा-सात वॅटमध्ये दिला. दिवे बदलले, पण वरची भाजलेली वायर बहुतेक घरांत तीच राहिली. म्हणून हॅलोजनच्या काळात सीलिंग केलेल्या घरातला दिवा काढताना मला जास्त धास्ती वाटते.

त्या दिवशी मी खाली उतरलो आणि त्या सर्किटचा एमसीबी पाडला. खरं तर सुरुवात तिथूनच करायला हवी होती. घरातल्यांना सांगितलं की कोणी तो उचलायचा नाही, आणि टेस्टर आधी चालू असलेल्या एका प्लगमध्ये पेटवून बघितला, कारण बिघडलेला टेस्टरही पेटत नाही. मग जोडणीच्या दोन्ही तारांना लावला. आता अंधार होता.

पहिल्यांदा दिवा ओढताना रंगाने कड सीलिंगला चिकटली होती. कटर गोल फिरवला नसता तर पीओपीचा टवका निघाला असता. दोन बाजूंच्या स्प्रिंगच्या पट्ट्या वर ताणून बसलेल्या असतात, आणि दिवा भोकाबाहेर येताच त्या उंदराच्या सापळ्यासारख्या खाडकन मिटतात. बोटं मध्ये असतील तर नख काळं पडतं, म्हणून त्या दोन्ही बोटांत आवळून धरायच्या. दिव्यामागे ड्रायव्हरची डबी असते. तिच्यात वीज बंद झाल्यावरही थोडा भार उरतो, तेव्हा लगेच उघडायची नाही. दिवा वायरवर लोंबत सोडायचा नाही. तारा सुटल्या की दोन्ही टोकांवर वेगवेगळे कनेक्टर चढवायचे. आवरण तडकलेलं दिसलं तर थांबायचं आणि परवानाधारक वायरमनला बोलवायचं. न्यूट्रलची चूक मीही त्याच्याकडूनच सुधारून घेतली.

तोवर तीन इंचांचं ते भोक उघडंच होतं. टॉर्च आत धरला. वर जुना स्लॅब, त्यावर आम्ही विसरून गेलेला फिकट निळा डिस्टेंपर, आणि ओळीने पाच लाकडी गिट्ट्या, जिथे एकेकाळी ट्यूबलाइटची पट्टी ठोकलेली होती.